स्क्रॅबल: इंग्रजी शब्दांच्या याद्या कशा लावायच्या?

कोरापाट
कॉलिन्सची, म्हणजे स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांची यादी पाठ करायला घेतली आहे. ए ते झेड सरळ घोकलं तर यादी म्हणून म्हणता येते, पण रॅकवर, म्हणजे समोरच्या पट्टीवर, सात टाइल्स उलटसुलट पडल्या की त्यातलं एकही हाताशी येत नाही. दोन अक्षरी शब्द झालेत. आता तीन अक्षरी सगळे घ्यावेत, की क्यू, झेड, एक्स, जे असलेले आधी? सात अक्षरींना हात कुठून घालायचा? आणि हेच पाठांतर वर्डलला, त्या पाच अक्षरी शब्द ओळखायच्या खेळाला, चालतं का?

सोंगटी
दोन अक्षरी 127 झाले म्हणजे नुसते ओळखता येतात, की हूकसकट, म्हणजे पुढे-मागे कुठलं अक्षर चिकटून नवा शब्द होतो त्यासकट? तीन अक्षरी तेराशेहून जास्त आहेत. ते वेगळे घोकू नका, दोन अक्षरींवरच चढवा. कागदाच्या मधोमध ई-एक्स लिहा. डावीकडे पुढे लागणारी अक्षरं: एच, एल, आर, एस, व्ही, वाय, झेड वगैरे. उजवीकडे मागे लागणारी. डाव मांडताना लागतं ते हेच, कारण बोर्डवर पडलेल्या शब्दाला चिकटूनच तुमचा शब्द बसतो. असे चढवून झाले की ज्यांच्या पोटात दोन अक्षरी शब्दच नाही तेवढे उरतात: ए-सी-ई, सी-यू-ई, आय-सी-वाय. त्यांची यादी वेगळी ठेवा.

व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही, आणि सी असलेला फक्त सी-एच. ही दोन अक्षरं मोकळ्या ओळीत टाकली की समांतर शब्द लावायची वाट बंद होते. पुढे असाल तर मुद्दाम टाका, मागे असाल तर टाळा.

एस लावताना शब्दाची जात माहीत हवी. टी-एस-के हे क्रियापदही आहे, म्हणून त्याला एस लागतो. पी-एस-टी हा नुसता उद्गार, त्याला लागत नाही. समोरच्याने चॅलेंज केलं, म्हणजे हरकत घेतली, आणि शब्द चुकीचा निघाला तर तो उचलावा लागतो आणि पाळीही जाते.

बदामसात
क्यूचं मी सांगतो. पिशवीत क्यू एक आणि यू चारच, त्यामुळे यूची वाट बघत बसलात तर दहा गुणांची टाइल शेवटपर्यंत गळ्यात राहते. क्यूला लागून पुढे यू येत नाही असे शब्द आधी करा, आणि लांबीने करा. दोन अक्षरी एकच, क्यू-आय. मग क्यू-ए-टी. पुढचे बरेचसे आपल्याला परके नाहीत, फक्त स्पेलिंग डोळ्याखालून घालायचं: वक्फ चार अक्षरी, तलाक, फकीर, बुरखा, कुर्मा पाच, कव्वाल सहा, कव्वाली आणि इन्किलाब सात, तालुकदार आणि मुकद्दम आठ.

सोपी खूण म्हणजे यातले बरेच क्यूऐवजी के लिहूनही चालतात. क्यू-आय तसा के-आय, क्यू-ए-टी तसा के-ए-टी. फकीर, कुर्मा, बुरखा, तलाक, वक्फ हेही दोन्ही स्पेलिंगनी. म्हणून जोडीने लिहा, एका कष्टात दोन शब्द होतात. उलट चाल मात्र करू नका. लाख, म्हणजे एल-ए-के-एच, क्यूने लिहिलात की गेलात.

कव्वालीच्या मागे आत्ताच लागू नका. तिला डब्ल्यू दोन लागतात आणि पिशवीत आहेतच दोन. शब्द कितीही गोड असला तरी रॅकवर यायचा नाही.

सोंगटी
बदामसात यांचा शेवटचा मुद्दाच सात अक्षरींची किल्ली आहे. सात अक्षरी तीस हजारांहून अधिक आहेत, सगळे कुणी सांगितलेत! शक्यतेच्या क्रमाने घ्या. पिशवीत ई 12, ए आणि आय प्रत्येकी 9, एन, आर, टी प्रत्येकी 6. ही सहा मिळून रेटिना होतो. त्यात सातवं अक्षर घालत जा. सी: सर्टन. के: केराटिन. एम: मिनारेट, रेमेंट. पी: पेंटर, परटेन, रीपेंट. जी: ग्रॅनाइट, टेअरिंग, इनग्रेट. एस घातला तर दहाएक शब्द निघतात. सातही टाइल्स एकदम लावल्याचे 50 जादा गुण यातूनच येतात. रेटिना झाला की सटायर आणि टिझान हे सांगाडे घ्या.

पाठांतराच्या कार्डावर समोर शब्द लिहायचा नाही, तुमची अडचण त्यातूनच येते. समोर अक्षरं वर्णक्रमाने लिहा, उदाहरणार्थ ए-ई-आय-एन-पी-आर-टी, आणि कोपऱ्यात किती शब्द होतात तो आकडा. उत्तरं मागे. रॅकवरही टाइल्स आधी वर्णक्रमाने लावायच्या. डोळ्याला तोच आकार ओळखीचा वाटतो. तीनपैकी दोनच आठवले तर कार्ड चुकलं असं धरा, नाहीतर जागा अडली असताना तिसराच हवा असतो. झिझिव्हा या प्रोग्रॅममध्ये हे शक्यतेच्या क्रमासकट तयार मिळतं, चुकलेलं कार्ड लवकर परत येतं.

कोरापाट
अर्थ पाठ करावे लागतील का?

बदामसात
नाही. नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच येत नसताना 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद मिळवलं. जात तेवढी लक्षात ठेवा, एसपुरती.

आणि ॲपमध्ये कुठली यादी निवडली आहे ते आधी बघा. अमेरिकेतली वेगळी आहे. झेड-ओ कॉलिन्समध्ये चालतो, तिथे नाही.

पाचखाना
वर्डलचं राहिलं. तिथे स्क्रॅबलची यादी फारशी कामाची नाही, कारण उत्तरं रोजच्या वापरातली असतात आणि नुसता एस लावून केलेलं अनेकवचन सहसा उत्तर नसतं. गट करायचे ते शेपटीवरून. आय-जी-एच-टी हिरवं झालं, म्हणजे ही अक्षरं बरोबर जागी आहेत असं कळलं, की लाइट, माइट, नाइट, फाइट, राइट, साइट, टाइट, एट असे आठ उमेदवार उभे राहतात. एकेक करून बघत बसलात तर पाळ्या संपतात. त्यापेक्षा फिल्म्स टाका: एफ, एल, एम, एस चारही एका फटक्यात तपासले जातात आणि एकही रंगला नाही तरी चारच उरतात. हार्ड मोडमध्ये ही सोय नाही, हिरवी अक्षरं जागेवर ठेवावीच लागतात. म्हणून तिथे अशा शेपट्या सुरुवातीलाच हिरव्या करण्याची घाई नको.