मोठ्या ऑनलाइन सेलमध्ये खरोखर घेण्याजोगे काय, हे कसे ओळखावे?

टिपणवही:

नमस्कार. येत्या काही दिवसांत एक मोठा ऑनलाइन सेल सुरू होत आहे आणि त्यासाठी मी खरेदीची यादी आधीच करून ठेवली आहे: चेहऱ्यासाठी व्हिटॅमिन सीचे सीरम आणि सनस्क्रीन, कामावर घालण्याजोगे दोन शर्ट आणि एक जोडी बूट, दोन चादरी, मोठे टॉवेल आणि एक नॉनस्टिक पॅन. यादी तयार असली तरी अडचण संपलेली नाही. यातली कोणतीही वस्तू शोधली की शेकडो पर्याय समोर येतात, बहुतेकांवर निम्म्याहून अधिक सवलत लिहिलेली असते आणि प्रत्येकाच्या वर्णनात ‘प्रीमियम’ हा शब्द असतोच.

दुकानात कापड चिमटीत धरून पाहता येते, बाटली उलटून तारीख वाचता येते. पडद्यावर यातले काहीच शक्य नसते. म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जाहीर केलेली सवलत खरी आहे की नाही, हे कसे तपासावे? आणि वस्तूच्या पानावर जी माहिती दिलेली असते, तिच्यातल्या नेमक्या कोणत्या ओळी वाचल्या असता दर्जाचा अंदाज येतो? ‘चांगल्या ब्रँडचे घ्या’ एवढ्यावर कृपया थांबू नये, कारण एकाच ब्रँडच्या दोन चादरींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

गाळणी:

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सेलच्या पानावर मिळत नाही, ते सेलच्या आधीच्या दिवसांत मिळते. यादीतल्या वस्तूंची आजची विक्रीकिंमत, माप आणि विक्रेत्याचे नाव आत्ताच टिपून ठेवावे, जमल्यास स्क्रीनशॉट घ्यावा, आणि सेलच्या दिवशी खोडलेल्या किमतीशी नव्हे, तर या टिपलेल्या किमतीशी तुलना करावी. ॲमेझॉनवरील वस्तूंच्या जुन्या किमतींचा आलेख कीपा आणि कॅमलकॅमलकॅमल या संकेतस्थळांवर पाहता येतो. सेलच्या तोंडावर किंमत चढवायची आणि मग तीच ‘उतरवून’ दाखवायची, हा प्रकार अशा आलेखात लगेच उघडा पडतो. तो इतका रुळलेला आहे की युरोपीय संघाला त्यासाठी नियम करावा लागला: २८ मे २०२२ पासून तेथील विक्रेत्याने सवलत जाहीर करताना पूर्वीची किंमत म्हणून त्याआधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवणे अपेक्षित आहे. जिथे असा नियम नाही तिथे हाच निकष आपण स्वतःपुरता लावून घ्यावा.

खोडलेली किंमत फुगवलेली आहे हे ठाऊक असूनही तिचा प्रभाव पडतो, ही यातली खरी अडचण आहे. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एका प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यांनी लोकांसमोर आकड्यांचे चक्र फिरवले आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांमध्ये आफ्रिकी देश किती टक्के असतील, असे विचारले. ज्यांच्यासमोर चक्र १० वर थांबले त्यांचा मध्यम अंदाज २५ होता, ज्यांच्यासमोर ६५ वर थांबले त्यांचा ४५. चक्राचा आणि उत्तराचा काडीइतकाही संबंध नव्हता, तरी आकडा मनात बसला तो बसलाच. यावर मला एकच उपाय व्यवहार्य वाटतो: प्रत्येक वस्तूसाठी जास्तीत जास्त किती द्यायचे, तो आकडा सेल सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवणे आणि सरकत्या घड्याळाकडे पाहून तो न बदलणे.

अत्तरदाणी:

सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत किमतीपेक्षा तारखेला अधिक महत्त्व द्यावे, असे माझे मत आहे. मोठ्या सेलमध्ये गोदामातला जुना माल निघतो, यात गैर काही नाही. मात्र तो किती जुना आहे हे कळले पाहिजे. काही विक्रेते वस्तूच्या पानावर एक्सपायरीचा महिना देतात. जिथे तो दिलेला नसेल तिथे प्रश्नोत्तरांच्या जागी विचारावे आणि उत्तर न आल्यास ती वस्तू सोडून द्यावी. याखेरीज डबीवर उघड्या बरणीचे चिन्ह आणि त्यात ‘६ एम’, ‘१२ एम’ असा आकडा असतो. वस्तू उघडल्यानंतर किती महिन्यांत संपवावी, हे तो सांगतो. एकावर एक फुकट मिळणाऱ्या जोड्यांचा हिशेब या आकड्याशी लावून पाहावा. मस्कारा उघडल्यावर साधारण तीन ते सहा महिन्यांत बदलायचा असतो, तेव्हा चार मस्कारांचा संच कितीही स्वस्त असला तरी एका व्यक्तीच्या उपयोगाचा नाही. उलट शॅम्पू, बॉडी लोशन, फेसवॉश अशा रोज भरपूर लागणाऱ्या वस्तूंचा साठा करणे शहाणपणाचे ठरते.

आपल्या व्हिटॅमिन सीच्या सीरमविषयी जरा सविस्तर लिहितो. त्यात बहुधा एल-ॲस्कॉर्बिक आम्ल हा घटक असतो आणि हवा, उजेड व उष्णता यांनी तो बिघडत जातो. रंगहीन किंवा फिकट द्रव हळूहळू पिवळा आणि शेवटी तपकिरी होतो. म्हणून पारदर्शक बाटलीपेक्षा गडद किंवा अपारदर्शक बाटलीतले आणि शक्यतो पंप असलेले सीरम निवडावे, एकाच वेळी एकच बाटली घ्यावी, आणि पार्सल आले की तारीख पाहूनच ती ठेवायची की परत करायची ते ठरवावे. सील तोडण्यापूर्वीच हा निर्णय झालेला बरा, कारण उघडलेली प्रसाधने आरोग्याच्या कारणास्तव बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. रेटिनॉलच्या, म्हणजे व्हिटॅमिन एच्या एका प्रकाराच्या, उत्पादनांनाही हेच लागू आहे. सनस्क्रीनची एक्सपायरी जवळ आली असेल तर कितीही सवलत असली तरी मी ते घेणार नाही, कारण ते काम करत नाही हे कळते ते त्वचा भाजल्यावरच.

घटकांची यादी जरूर वाचावी. बहुतेक देशांत ती प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, फक्त एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने देता येतात. बाटलीच्या दर्शनी बाजूला ज्या वनस्पतीचे चित्र आहे, तिचा अर्क यादीत सुगंधाच्याही खाली गेलेला आढळला तर आपण मुख्यतः चित्राचे पैसे देत आहोत, असे समजायला हरकत नाही. गिफ्ट सेटच्या बाबतीत सगळ्या बाटल्यांचे मिलिलिटर जोडून एकूण किमतीला भागावे. संचातल्या लहान बाटल्यांमुळे दर मिलिलिटरचा भाव कधी कधी पूर्ण आकाराच्या बाटलीहून जास्त पडतो.

आणखी एक: बनावट प्रसाधनांचा धोका खरा आहे. पानावर ब्रँडचे नाव असले तरी विक्रेता तिसराच असू शकतो. ‘विक्रेता’ आणि ‘पाठवणारा’ या दोन्ही ओळी पाहाव्यात.

उभाआडवा:

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. माझा कापडाशी कामाच्या निमित्ताने संबंध येत असल्यामुळे चादरी, टॉवेल आणि कपडे यांविषयी लिहिते.

चादरीच्या पानावर सर्वांत मोठ्या अक्षरांत थ्रेड काउंट असतो आणि सर्वांत जास्त दिशाभूलही तोच करतो. एक चौरस इंच कापडात उभे आणि आडवे मिळून किती धागे आहेत, याचा तो आकडा. एकेरी धाग्याच्या चांगल्या सुती चादरीत तो साधारण २०० ते ४०० असतो. एक इंचात मावतील तेवढेच धागे मावतात. त्यामुळे हजार किंवा बाराशेचा आकडा दिसला की बहुधा दोन किंवा अधिक पदरी धाग्याचा प्रत्येक पदर वेगळा मोजलेला असतो. अशी चादर जड लागते आणि तिच्यातून हवा कमी खेळते. त्याऐवजी तीन गोष्टी शोधाव्यात: शंभर टक्के सूत आहे का, ते लांब तंतूचे आहे का आणि वीण कोणती आहे. परकेल वीण कोऱ्या कापडासारखी थोडी कडक आणि हवेशीर असते. सॅटीन वीण मऊ आणि चमकदार असते, पण धागा ओढला जाण्याची शक्यता तिच्यात अधिक. केवळ ‘मायक्रोफायबर’ असे लिहिले असेल तर ते सहसा पॉलिएस्टर असते. ‘कॉटन फील’, ‘कॉटन रिच’ यांचा अर्थ पूर्ण सुती नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. चादरीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये पाहावी आणि गादीची जाडी मोजून घ्यावी, कारण इलॅस्टिकची चादर बहुधा जाडीलाच अपुरी पडते.

टॉवेलसाठी जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, हा आकडा उपयोगी आहे. तीनशे ते चारशेचा टॉवेल हलका आणि लवकर वाळणारा, चारशे ते सहाशेचा रोजच्या वापराला योग्य, आणि त्याहून वरचा गुबगुबीत पण वाळायला वेळ घेणारा. दमट हवेत राहणाऱ्यांनी आठशेच्या टॉवेलच्या मोहात पडू नये. जिथे हा आकडा दिलेलाच नाही, तिथे वस्तूचे वजन आणि माप यांवरून तो काढता येतो.

शर्टांचे म्हणाल तर छायाचित्राआधी धाग्याच्या प्रमाणाची ओळ वाचावी. व्हिस्कोस अंगावर सुरेख पडते, पण ओले असताना कमकुवत होते आणि आक्रसते. रोज मशीनमध्ये धुवायच्या शर्टाला ते फारसे मानवत नाही. साइझचे अक्षर पाहून काहीही मागवू नये. आपल्याला नीट बसणारा एक शर्ट सपाट अंथरून छाती, खांदा आणि लांबी मोजावी व ती मापे विक्रेत्याच्या तक्त्याशी ताडून पाहावीत. तक्ता शरीराच्या मापांचा आहे की कपड्याच्या, हेही आधी पाहावे.

बुटांच्या बाबतीत एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा तळ हवेतल्या बाष्पामुळे खोक्यात पडल्या पडल्याही झिजतो आणि काही वर्षांनी पहिल्याच वापरात त्याचा भुगा होऊ शकतो. त्यामुळे बंद झालेल्या जुन्या मॉडेलवर भली मोठी सवलत असेल तर तळाचे साहित्य आणि उत्पादनाचे वर्ष विचारावे. ‘बाँडेड लेदर’ म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून केलेले साहित्य. त्याची साल निघते.

टिपणवही:

सर्वांचे मनापासून आभार. थ्रेड काउंटविषयीचे वाचून यादीतली एक चादर लगेच काढून टाकली. पॅनविषयी कुणी लिहिले नाही, तसेच ग्राहकांच्या अभिप्रायांवर किती विश्वास ठेवावा, हेही कळले तर बरे होईल.

गाळणी:

अभिप्रायांत पाच ताऱ्यांचे सोडून तीन ताऱ्यांचे आधी वाचावेत. तिथे बहुधा वस्तूचा खरा दोष आणि खरा गुण दोन्ही सापडतात. तारखांकडेही लक्ष द्यावे. काही विक्रेते जुन्या वस्तूच्या पानावरच नवी वस्तू चढवतात आणि मग टॉवेलच्या पानावर चार्जरचे कौतुक वाचायला मिळते. वापर सुरू केल्यावर काही महिन्यांनी लिहिलेला एक अभिप्राय मला पार्सल उघडताच लिहिलेल्या डझनभर अभिप्रायांहून मोलाचा वाटतो.

पॅनच्या पानावर दिलेला व्यास सहसा वरच्या काठाचा असतो, तर शेगडीवर टेकतो तो तळ बराच लहान असतो. म्हणून तळाचा व्यास शोधावा. तळ जाड असावा, इंडक्शनची शेगडी असल्यास तसा स्पष्ट उल्लेख असावा आणि मूठ स्क्रूची असेल तर ती पुन्हा आवळता यावी. नॉनस्टिकचा थर वापराने जातोच, त्यामुळे या एका वस्तूवर फार मोठी रक्कम घालू नये. मध्यम किमतीचा, जाड तळाचा पॅन पुरेसा होतो. शिवाय सेलमधल्या वस्तूंना परताव्याची मुदत काही ठिकाणी नेहमीपेक्षा कमी असते, तेव्हा ऑर्डर देण्यापूर्वी ती ओळही वाचून घ्यावी.