शब्दचर्चा : धसका बसतो की घेतात?

गोदाकाठ :
आमच्या तालुक्यातल्या अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक शिक्षकांसाठी एक पत्रक लिहिते आहे. मारझोड, लैंगिक अत्याचार, घरातली दारू आणि भांडणं, आईबापांपैकी कुणी सोडून जाणं, असं काही लहानपणी सोसलेल्या मुलांचं पुढे काय होतं आणि मोठेपणीही त्यातून कसं सावरता येतं, हा विषय. 'ट्रॉमा'साठी मसुद्यात 'मानसिक आघात' लिहिलं होतं. ते वाचून एका सेविकेनं विचारलं, "ताई, आघात म्हणजे घरातलं कुणी गेल्यावर होतो तोच ना?" श्रद्धांजलीत आणि शोकसंदेशात हा शब्द इतका वापरला गेलाय की तिला दुसरं काही सुचलंच नाही. तुम्ही काय म्हणाल असं विचारल्यावर ती चटकन म्हणाली, "पोरानं धसका घेतला." हा शब्द पत्रकात चालेल का? आणखी कोणते शब्द तुमच्या भागात आहेत?

निंबोणी :
धसका जरूर वापरा, पण क्रियापद बदला. 'धसका घेतला' आणि 'धसका बसला' यांत मोठं अंतर आहे. धसका घेणारा कर्ता असतो. 'तिनं त्या गोष्टीचा फारच धसका घेतला' या वाक्यात एक दडलेली तक्रार आहे: घ्यायला नको होता, इतरांनी कुठे घेतला? 'तिला धसका बसला' म्हटलं की तिच्याकडे कर्तेपण उरत नाही. झालं ते तिच्या बाबतीत झालं.

हीच जोडी दुसरीकडेही दिसेल. 'मनाला लागलं' आणि 'मनाला लावून घेतलं'. 'हाय खाल्ली' यातही खाणारा तोच. मोठ्या माणसांबद्दल बोलताना या छटेनं फारसं बिघडत नसेल. पण सहा वर्षांच्या मुलीबद्दल 'तिनं मनाला लावून घेतलं' असं घरातले वर्षानुवर्षं म्हणत राहिले, तर ती पस्तिशीत स्वतःबद्दल तेच म्हणते. अत्याचार सोसलेल्या मुलांना आपलंच काही चुकलं असं वाटतं, हे या क्षेत्रात काम करणारे सगळेच सांगतात. त्या वाटण्याला आपल्या क्रियापदांनी खतपाणी घालू नये. पत्रकात एकाही वाक्यात मूल धसका 'घेत' नाही एवढं बघा.

वैद्यबुवा :
'ट्रॉमा' मूळ ग्रीक. अर्थ साधा, जखम. शल्यचिकित्सेत तो आजही शरीराच्या इजेसाठी वापरतात, म्हणून रुग्णालयात 'ट्रॉमा केअर'ची पाटी अपघात विभागावर दिसते. मनाच्या जखमेसाठी तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ होत गेला. युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या निमित्तानं त्यावर बराच विचार झाला आणि १९८० साली अमेरिकी मानसोपचार संघटनेनं आपल्या निदानपुस्तिकेत त्यानंतरच्या विकाराला स्वतंत्र स्थान दिलं.

आपल्याकडे यासाठी 'व्रण' हा शब्द आहे आणि त्याचा प्रवास फार बोलका आहे. आयुर्वेदात व्रण म्हणजे जखम, वाहती, चिघळती. आजच्या मराठीत व्रण म्हणजे जखम भरल्यावर उरलेली खूण. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात या शब्दाची जी फोड दिली आहे तिच्यात दोन्ही अर्थांचा सांधा सापडतो. व्रण भरून आला तरी त्याची खूण देह असेपर्यंत जात नाही, म्हणून त्याला व्रण म्हणायचं, असं तिथं म्हटलं आहे. मात्र त्याच ग्रंथात व्रणावरच्या उपचारांचे साठ प्रकारही सांगितले आहेत, शोधन (जखम साफ करणं) आणि रोपण (ती भरून आणणं) त्यांतलेच. खूण राहते म्हणून उपचार व्यर्थ, असं सुश्रुत म्हणत नाही. 'बालपणीचे व्रण' असं शीर्षक द्यायला माझी हरकत नाही.

गोदाकाठ :
वैद्यबुवा, शीर्षकासाठी छान आहे. पण सेविकांना व्रण म्हणजे गुडघ्यावरचा डागच वाटेल, आणि तो दुखत नाही. माझ्या पत्रकातली माणसं चाळिशीतही दुखावलेली आहेत.

सांजवात :
मी समुपदेशनाचं काम करते. दोन-तीन मुद्दे मांडते.

पहिला, आघात म्हणा किंवा धसका, दोन्हींत काहीतरी 'घडलेलं' असतं. कुणी मारलं, कुणी ओरडलं, काही दिसलं. पण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांच्या बाबतीत जे व्हायला हवं होतं ते झालंच नाही, हे दुखणं असतं. जेवलास का असं कुणी विचारलं नाही. ताप आला तर कपाळावर हात ठेवला नाही. याला आघात म्हणून चालत नाही. त्यासाठी आपल्याकडे 'आबाळ' आहे, 'हेळसांड' आहे. दोन्ही शब्द खेडोपाडी माहीत आहेत. पत्रकात त्यांना मानाची जागा द्या. फक्त 'आबाळ' म्हटलं की लोकांना खाण्यापिण्याची आबाळ आठवते, म्हणून 'मायेची आबाळ' असं स्पष्ट लिहा.

अमेरिकेत सॅन दिएगोला व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर लठ्ठपणावर उपचार करत. वजन उत्तम उतरत असलेले रुग्णच मध्येच उपचार सोडून जात, हे त्यांच्या लक्षात आलं. विचारपूस केल्यावर अनेकांच्या बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं पुढे आलं. त्यातून फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी मोठी पाहणी केली. पहिला शोधनिबंध १९९८ सालचा. बालपणात चार किंवा अधिक प्रकारचे प्रतिकूल अनुभव आलेल्यांत दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट आढळला. पुढे रूढ झालेल्या दहा प्रकारांच्या यादीत शारीरिक आणि भावनिक अशी दोन्ही प्रकारची आबाळ आहे. म्हणजे कुणी हातही उगारला नाही तरी मूल दुखावतं, हे आता मोजून झालेलं आहे.

दुसरा मुद्दा कळकळीचा. वैद्यबुवांनी सांगितलेल्या त्या विकाराचं 'आघातोत्तर तणाव विकृती' हे भाषांतर कृपा करून पत्रकात नको. शास्त्रात विकृती म्हणजे प्रकृतीतला बिघाड असेल. बोलण्यात विकृत म्हणजे वाईट चालीचा, किळसवाणा. ज्या मुलीवर अत्याचार झाला तिलाच विकृती म्हणायचं आणि करणाऱ्यालाही विकृत म्हणायचं, हे कसं चालेल? 'विकार' लिहा. तोही नको असेल तर 'आघातानंतरचा त्रास'. सेविकेला तेवढं पुरतं.

शाळामास्तर :
तीस वर्षं शिकवलं. तुम्ही सगळे दुखावलेल्या मुलासाठी शब्द शोधताय. शाळेत त्या मुलाला आम्ही आधीच शब्द दिलेले असतात, त्यांच्याकडेही बघा. मार खाऊन रडत नाही तो 'कोडगा'. 'निगरगट्ट', 'निर्ढावलेला'. ज्याला आपण कोडगेपणा म्हणतो ते बऱ्याचदा बधिर होणं असतं. घरी रडलं की आणखी मार मिळतो, हे त्यानं शिकलेलं असतं. शिक्षणहक्क कायद्यानं, २००९ च्या, शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. पण शेरे चालूच आहेत.

आणि दुसरीकडे स्तुतीचे शब्द. 'वयाच्या मानानं फारच समजूतदार.' 'पोक्त पोर.' वर्गातली अशी मुलगी शिक्षकांची लाडकी असते. दप्तर नीट, धाकट्या भावाला सांभाळते, कधी हट्ट नाही. बाप पिऊन आल्यावर आईला आणि भावंडांना कुठे लपवायचं हे ठरवता ठरवता तिला समज आलेली असते. तिच्या समजूतदारपणाचं कौतुक करताना तिला कधी हट्ट का करता आला नाही, हा प्रश्न आम्हाला पडला पाहिजे. पत्रकात या दोन मुलांची वर्णनं शेजारीशेजारी छापा. शिक्षकांना कोडगं पोर दिसतं, पोक्त पोर दिसतच नाही.

वऱ्हाडकर :
मास्तर, पोक्त पोरीचं अगदी खरं. मोठेपणी त्याच मुली सगळ्या घराचं करतात आणि स्वतःला काय हवं ते सांगता येत नाही. आमच्याकडे मूल भ्यालं की मीठमोहऱ्या ओवाळतात, अंगारा लावतात. त्याला हसू नका. निदान 'पोर भ्यालंय' एवढं तरी घरातले मोठ्यानं मान्य करतात.

एक शंका. शहरातली मुलं आता पेपर अवघड गेला तरी 'ट्रॉमा झाला' म्हणतात. हाच शब्द ठेवला तर त्याचं वजन राहील का?

सांजवात :
शब्द पसरला की पातळ होतोच. तरी मी तो पूर्ण टाकणार नाही. काही जणांना हा शब्द प्रथम भेटला तेव्हा आपल्याला जे झालंय त्याला नाव आहे आणि ते इतरांनाही होतं, हे कळून धीर आला. पत्रकात एकदा 'ट्रॉमा' लिहून पुढे आपले शब्द वापरा.

'ट्रिगर'साठी मात्र उसना शब्द नको. 'दुखणं चाळवणं' इतका नेमका शब्द आहे. जुनं दुखणं शांत असतं. एखादा वास, दाराची कडी, पायऱ्यांवरची पावलं, चढलेला आवाज यांनी ते चाळवतं. दुखणं जुनंच आहे, नवं संकट आलेलं नाही, हेही त्या शब्दात आलं. चाळिशीच्या माणसाला साहेबाचा आवाज चढला की हातापायांना कापरं भरतं आणि आपण भित्रे आहोत असं त्याला वाटतं. 'तुमचं जुनं दुखणं चाळवलंय' असं सांगितल्यावर तो वेगळ्या नजरेनं स्वतःकडे बघतो. मग काय काय झालं की ते चाळवतं, याची यादी करता येते. आम्ही तिथूनच सुरुवात करतो.

रात्री झोपेतही ज्यांचं लक्ष दाराकडे असतं त्यांच्यासाठी 'कानोसा'. "मी अजून कानोसा घेत झोपते" असं एका ताईंनी मला सांगितलं. पुस्तकी भाषेत त्याला 'अतिसतर्कता' म्हणतात. मला ताईंचा शब्द पटतो.

निंबोणी :
मसुद्याचं उपशीर्षक 'बालपणीच्या आघातावर मात' असं आहे ना? त्यातल्या 'मात'बद्दल बोलू. हा बुद्धिबळातला शब्द, शह आणि मात. समोर प्रतिस्पर्धी असतो आणि डाव संपतो. इथं डाव संपत नाही. चांगली पाच वर्षं गेल्यावर स्वतःचं मूल त्या वयाचं झालं की दुखणं पुन्हा वर येतं. मग माणसाला वाटतं, मी हरले. मात शब्दानंच ती हार तयार केली.

'सावरणं' घ्या. त्याची गंमत म्हणजे ते दोन्ही बाजूंनी चालतं: 'ती सावरली' आणि 'मावशीनं तिला सावरलं'. स्वतःचं बळ आणि दुसऱ्याचा हात, दोन्ही एकाच धातूत. शिवाय ज्याचा तोल जातो तो पुन्हा सावरूही शकतो.

आणि बसते ती फक्त भीती नव्हे. विश्वासही 'बसतो'. तोही आपण ठरवून घेऊ शकत नाही. बसायला वेळ लागतो आणि समोर कुणीतरी भरवशाचं असावं लागतं.

सांजवात :
शेवटच्या मुद्द्याला जोडून. हवाई बेटांपैकी कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा जोखमीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे आजी, मावशी, शिक्षक, शेजारी असं किमान एक भरवशाचं माणूस. मराठीत त्याला 'हक्काचं माणूस' म्हणतात. सेविकेला आणि शिक्षकाला पत्रकातून हेच सांगायचं असेल तर याहून वेगळा शब्द शोधू नका.

गोदाकाठ :
सगळ्यांचे आभार. उपशीर्षक बदललं: 'लहानपणी बसलेला धसका, मायेची आबाळ आणि त्यातून सावरणं'. 'विकृती' सगळीकडून काढली. मास्तरांची दोन मुलं पहिल्याच पानावर घेतली. अजून एक अडलंय. जिच्यावर अत्याचार झाला तिला काय म्हणू? मसुद्यात 'बळी' आहे.

वऱ्हाडकर :
बळी नको. बळी गेलेला परत येत नाही. 'पीडित' कायद्याच्या कागदात ठीक. बोलताना आमच्याकडे 'सोसलेलं पोर' म्हणतात. 'तिनं लई सोसलं' यात तिच्या सोसण्याचा मानही आहे.

शाळामास्तर :
'सोसलेलं' चांगलं. पण आता सोसत असलेल्या मुलासाठी 'सोसतंय' हे वर्तमानकाळी रूप घ्या आणि त्याच ओळीत मदतीचे फोन क्रमांक छापा. मुलांसाठी १०९८, मोठ्यांच्या मानसिक त्रासासाठी टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, हेही ठळक अक्षरांत. तिथं 'कळवावे' लिहू नका, 'कळवलंच पाहिजे' लिहा.