पीसीबी बदला म्हणतात, पण खरंच पीसीबीच गेलेला असतो का?

ओलं_फडकं
टॉप लोड, फुली ऑटोमॅटिक, आठ वर्षांचं मशीन. पाणी ठरल्या पातळीवर थांबत नाही, भरतच राहतं आणि शेवटी एरर येतो. निदान एका वाक्यात मिळालं: पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेला. मल्टिमीटर आहे, वापरता येतो. बोर्ड मागवण्याआधी तो खरंच गेलाय का, हे कसं पाहायचं? आणि मशीनच बदलायचं ठरलं तर सरळ टायमर पिळायचं सेमी ऑटोमॅटिक घ्यावं का? साध्या मशीनची दुरुस्ती सोपी म्हणतात, त्यात तथ्य किती?

रिले_क्लिक
पहिली चाचणी मीटरशिवाय होते. पाणी भरत असताना प्लग काढा. तरीही पाणी येतंय? मग बोर्डाचा काही संबंध नाही. इनलेट व्हॉल्व्हच्या पडद्यात कचरा अडकलाय किंवा पडदा कडक झालाय. प्लग काढल्यावर थांबलं, पण परत लावताच स्टार्ट न दाबता सुरू झालं, तर व्हॉल्व्ह चालवणारा ट्रायॅक (बोर्डावरचा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट आहे, म्हणजे दोष बोर्डावरच. आणि फक्त प्रोग्रॅम चालू असतानाच जास्त भरत असेल, तर पाणी किती झालं हे मशीनला कळतच नाहीये. बोर्ड उगाच बदलला जातो तो बहुतेक या तिसऱ्या प्रकारात.

टबच्या तळाशी एक छोटी हवेची डबी असते. तिथून बारीक नळी वर प्रेशर सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि त्यावरून पातळी मोजली जाते. डबीच्या तोंडाशी साबणाचा चिकट थर बसला किंवा नळी कुठे घासून तिला भोक पडलं, की दाबच तयार होत नाही. मग बोर्ड बिचारा व्हॉल्व्ह उघडा ठेवणारच.

सगळं पाणी काढा, प्लग काढा, नळी सेन्सरच्या टोकाकडून सोडवा आणि टबच्या दिशेने फुंका. सेन्सरमध्ये जोरात फुंकायचं नाही, आतला पडदा फाटतो. नळी परत लावतानाही टब रिकामाच हवा. पाणी असताना लावली तर मशीन पातळी कमी वाचतं आणि पुन्हा जास्त भरतं. जुन्या स्विच प्रकारात हळू फुंकल्यावर टिक् असा आवाज येतो. नव्या सेन्सरमध्ये कॉइल असते, बोर्ड तिची फ्रिक्वेन्सी वाचतो, तिथे आवाज येत नाही. आवाज नाही म्हणून चांगला सेन्सर फेकून देऊ नका. त्याचा कनेक्टर मात्र काढून पाहा, पिना हिरव्या पडल्या असतील तर अर्धं काम तिथेच झालं.

ड्रेन व्हॉल्व्हमध्ये नाडी अडकून पाणी खालून निघून जात असेल तरी पाण्याचाच एरर येतो. कोड लक्षण सांगतो, पार्ट तुम्हालाच शोधावा लागतो.

पिळायचा_टायमर
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सेमी ऑटोमॅटिकमध्ये आहे काय? चावीच्या घड्याळासारखा टायमर, त्यातच मोटर उलटसुलट फिरवणारे कॉन्टॅक्ट. दोन मोटरी, त्यांना फिरायला जोर देणारे कंडेन्सर (बऱ्याचदा दोन्ही एकाच डबीत), एक बेल्ट, झाकणाचा स्विच, ब्रेकची तार. प्रत्येक पार्टचं काम एकच, त्यामुळे बिघाड लक्षणावरून ओळखता येतो.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, लाकडी काठीने पुली ढकलली की फिरायला लागते: कंडेन्सर उतरलाय. प्लग काढून, आत साठलेली वीज उतरवायला त्याच्या टोकांना १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर काही सेकंद लावा, मगच मोजा. पान्याने ठिणगी काढायची सवय वाईट. छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदला, नवा तितक्याच क्षमतेचा आणि ४४० व्होल्टचाच घ्या. स्पिन सुरूच होत नसेल तर आधी झाकणाचा स्विच बघा. स्पिन हळू आणि जळका वास आला, तर ब्रेकची तार सैल होऊन झाकण लावल्यावरही ब्रेक पूर्ण सुटत नाहीये.

सोपं नाही ते एकच काम: स्पिन टबचं सील. गळालेलं पाणी शाफ्टवरून थेट खालच्या मोटरवर पडतं. बदलायला ड्रम उपसावा लागतो आणि तो बोल्ट हमखास गंजून बसलेला असतो. थेंब दिसला की लगेच हाती घ्या.

बत्तीस_वॅट
गोल बटण दिसलं की मशीन साधं, हे मला पटत नाही. जुन्या फुली ऑटोमॅटिकचा कॅम टायमर उघडून बघा, आत कॉन्टॅक्टची रांग असते, एक जळला तर पूर्ण टायमर बदलतात. मायक्रोवेव्हला बटण कुठलंही असो, आतला हाय व्होल्टेज कंडेन्सर प्लग काढल्यावरही जीव घेऊ शकतो. मीटर वापरता येतो म्हणून मायक्रोवेव्ह उघडू नका.

वस्तू बघून ठरवा. साठवणीच्या गीझरमध्ये थर्मोस्टॅट, कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा) आणि एलिमेंट इतकंच पुरतं. २००० वॉटचं एलिमेंट २३० व्होल्टला २६ ओहमच्या आसपास दाखवतं, झाली तपासणी. त्यावर टच पॅनल म्हणजे वाफेत ठेवलेला बोर्ड. पंख्याचं गणित उलटं: साधा ७० ते ८० वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा, बोर्डवर चालणारा) ३० च्या आसपास. दिवसभर चालणाऱ्या पंख्यात ती बचत बोर्डाची जोखीम घेण्याइतकी आहे. इन्व्हर्टर फ्रिजचंही तेच, पण एक लक्षात ठेवा, त्याच्या कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिनांमध्ये सारखाच ओहम यायला हवा आणि त्याला चाचणीसाठी कधीही थेट लाइन द्यायची नाही.

ओलं_फडकं
प्लग परत लावताच पाणी सुरू होतंय, स्टार्टला हातही लावलेला नाही. म्हणजे ट्रायॅक. पण बोर्ड ओलाव्यापासून वाचवणाऱ्या जेलीत बुडवलेला आहे. काही होऊ शकतं?

रिले_क्लिक
जेली मऊ असेल तर हो, नखाने किंवा लाकडी काडीने तेवढ्याच भागातली काढा. काचेसारखी कडक असेल तर नाद सोडा. व्हॉल्व्हच्या वायरी ज्या पिनांना येतात तिथून बोर्डावरची तांब्याची रेघ (ट्रॅक) धरून ट्रायॅक गाठा. प्लग काढलेला असताना त्याच्या दोन मुख्य पायांमध्ये जवळपास शून्य ओहम आला तर शॉर्ट पक्का. त्याच नंबरचा टाका, पण आधी व्हॉल्व्हची कॉइल मोजा: २३० व्होल्टची असेल तर साधारण ३ ते ५ किलोओहम. खूपच कमी आली तर ट्रायॅक तिच्यामुळे गेलाय आणि नवाही जाईल.

बोर्ड चालू ठेवून आत मीटर लावू नका. बऱ्याच मशीनमध्ये ५ व्होल्टची बाजूही मेन्सपासून वेगळी केलेली नसते. नवा मागवायची वेळ आलीच तर मॉडेलच्या नावावर जाऊ नका, बोर्डावरच्या स्टिकरचा पार्ट नंबर द्या. दिसायला सारख्या दोन बोर्डांत प्रोग्रॅम वेगळा असू शकतो.

डाग दिल्यावर खड्डा न्यूट्रल क्युअर सिलिकॉनने भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याचे ट्रॅक खातं.