मदत हवी आहे: स्वल्पविरामावर स्प्लिट केलं की पुस्तकांच्या यादीचे खाने सरकतात (पायथन)

वाचनवेडा:
नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी जुन्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काढून नवीनमध्ये भरायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण काय तर मला थोडंफार पायथन येतं. जुन्यातून सीएसव्ही फाईल (खाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल) मिळाली. एका ओळीत सहा खाने पाहिजेत, दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि किंमत. मी साधं ओळ.स्प्लिट(',') केलं, म्हणजे स्वल्पविराम दिसेल तिथे ओळ कापली, पहिल्या दहा-बारा ओळी मस्त आल्या म्हणून खुश झालो आणि मग हे बघा (मोबाईलवरून लिहितोय म्हणून सगळं देवनागरीतच, समजून घ्या):

००४२,"शेती, माती आणि पाणी","पाटील, अ. ब.",,१९७८,१२.५०

याचे सहाच्या जागी आठ तुकडे होतात. शीर्षकाच्या खान्यात "शेती एवढंच, पुढचं माती आणि पाणी लेखकाच्या खान्यात, आणि वर्षाच्या जागी अ. ब." असं काहीतरी. कॅटलॉगमध्ये आडनाव आधी आणि मग स्वल्पविराम देऊन आद्याक्षरं अशी पद्धत असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक ओळीत हा घोळ आहे. अवतरणचिन्हं आधी रिप्लेस करून काढून टाकू का? की रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायची सांकेतिक भाषा) लिहावा लागेल? रेजेक्स बघितला की माझं डोकं गरगरतं.

शिवाय दुसरी एक फाईल आहे, ती वाचनालयातल्या काकूंनी नोटपॅडमध्ये हाताने टाइप केलीय, खान्यांच्या मध्ये उभी रेघ दिलीय. तिची वेगळीच तऱ्हा, पण आधी हे सुटू दे.

निवांत नाना:
एक्सेलमध्ये उघडा, सेव्ह करा, सुटलात. एवढ्यासाठी कोड कशाला?

वाचनवेडा:
नाना, उघडून बघितलं. ००४२ चं ४२ झालं, पुढची शून्यं गायब. आमच्या दाखल नोंदवहीत आणि पुस्तकाच्या शिक्क्यावर शून्यांसकट क्रमांक आहे, नवीन सॉफ्टवेअरला पण तसाच पाहिजे.

कोडकर:
अवतरणचिन्हं अजिबात काढू नका हो! कुठला स्वल्पविराम खाना तोडणारा आणि कुठला शीर्षकातला, हे सांगणारी तेवढीच एक खूण आहे त्या ओळीत. ती पुसलीत तर मग देव पण सांगू शकणार नाही की लेखक कुठे सुरू होतो.

स्प्लिटला अवतरणचिन्ह वगैरे काही कळत नाही. त्याला दिलेलं अक्षर दिसलं की तो कापतो, बस. सीएसव्हीचा नियम वेगळा आहे (२००५ साली आरएफसी ४१८० नावाच्या इंटरनेटवरच्या दस्तऐवजात लिहून ठेवलाय), अवतरणात असलेला स्वल्पविराम हा मजकूर, आणि मजकुरातच अवतरणचिन्ह आलं तर ते दोनदा लिहायचं. रेजेक्सने हे जमवणारे लोक आहेत, नेटवर तयार रेजेक्स मिळतात पण, मी वापरत नाही, कारण एखाद्या शीर्षकात कुणी एंटर मारून ठेवला असेल तर एकच नोंद दोन ओळींवर जाते आणि ओळीओळीने चालणारा सगळा कोड तिथे आडवा पडतो.

पायथनमध्ये सीएसव्ही नावाचं मोड्यूल आयतं आहे, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. इम्पोर्ट करा, फाईल ओपन करताना न्यूलाइन='' आणि एन्कोडिंग='यूटीएफ-८-सिग' द्या, आणि सीएसव्ही.रीडर ला एकेक ओळ सुटी न देता अख्खी फाईलच द्या. ते 'सिग' अशासाठी की विंडोजवरून आलेल्या फाईलच्या सुरुवातीला कधीकधी न दिसणारं एक चिन्ह असतं, ते पहिल्या खान्याला चिकटतं आणि मग दिसायला सेम असून जुळत का नाही म्हणून माणूस तासभर बसतो.

तुमच्या ओळीत प्रकाशक रिकामा आहे, तिथे रिकामी स्ट्रिंग (म्हणजे रिकामा मजकूर) मिळेल, खाना गळणार नाही. आणि दाखल क्रमांकाला इंट (म्हणजे पूर्णांक) करू नका, स्ट्रिंगच राहू दे. पायथनचं इंट देवनागरी आकडे पण वाचतं, पण ००४२ चं ४२ तेही करणारच.

वाचनवेडा:
कोडकर दादा, जबरदस्त! नव्वद टक्के ओळी सरळ झाल्या. पण काही अजून फुटतातच, उदा. ही:

०३१७, "विहीर, मोट आणि नाडा", "पाटील, अ. ब.",,१९८१,१५.००

याचे परत आठ. अवतरणं तर आहेत की, मग रीडर पण का फसतोय?

कोडकर:
स्वल्पविरामानंतर एक जागा सुटलीय बघा. खान्याचं पहिलंच अक्षर अवतरणचिन्ह असेल तरच रीडर त्याला मानतो. इथे पहिलं अक्षर म्हणजे ती रिकामी जागा, त्यामुळे पुढचं अवतरणचिन्ह साधं अक्षर ठरलं. रीडरला स्किपइनिशियलस्पेस=ट्रू द्या, होईल.

वाचनवेडा:
झालं!! सगळ्या ओळी सहा-सहा. आता काकूंची फाईल. उभ्या रेघेवर स्प्लिट('|') केलं तर काही ओळी व्यवस्थित सहा आणि काही ओळी अख्ख्या एकच तुकडा, कापल्याच जात नाहीत. डोळ्यांना दोन्हीकडे सेम रेघ दिसते. माझ्या भाच्याने जावामध्ये करून बघितलं तर त्याचं अजून भारी, शेती या शब्दाचे श, े, त, ी असे चार तुकडे. काकूंना विचारलं तर म्हणतात मी एकच रेघ मारलीय सगळीकडे.

जावावाला:
भाच्याचं सोपं आहे. जावाचं स्प्लिट साधं अक्षर घेत नाही, रेजेक्स घेतं. रेजेक्समध्ये | म्हणजे 'हे किंवा ते', आणि दोन्ही बाजूला काहीच नाही म्हणजे 'काही नाही किंवा काही नाही', ते प्रत्येक अक्षराच्या मध्ये सापडतंच. म्हणून काना-मात्रा पण सुट्या झाल्या. पॅटर्न.कोट मध्ये गुंडाळून द्यायचं, मग ती रेघ साधं अक्षर धरली जाते. आणि त्याला सांगा दुसरं आर्ग्युमेंट -१ दे, नाहीतर ओळीच्या शेवटचे रिकामे खाने जावा गुपचूप टाकून देतं. किंमत लिहिलेली नसेल तर सहाचे पाच होतील.

मीनाताई:
मी डीटीपीचं काम करते, मला वाटतं काकूंची रेघ म्हणजे दंड आहे, संस्कृत श्लोकात असतो तो. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू असेल तर पाइपच्या (म्हणजे | या उभ्या रेघेच्या) बटणावर 'ऑ' येतो, पाइप मिळतच नाही. मग कीबोर्ड बदलायचा कंटाळा आला की माणूस शिफ्ट दाबून पूर्णविरामाच्या बटणावरून दंड देतो. काकूंचं काही चुकलं नाही, त्यांना रेघ हवी होती, रेघ मिळाली.

कोडकर:
मीनाताई, सलाम. वाचनवेडा, खात्री करायची तर ती रेघ कॉपी करून पायथनच्या ऑर्ड() मध्ये टाका, ते अक्षराचा क्रमांक सांगतं. १२४ आलं तर पाइप, २४०४ आलं तर दंड.

मग री.स्प्लिट (पायथनचं रेजेक्सवालं स्प्लिट) मध्ये चौकोनी कंसात दोन्ही द्या, [|।] असं. चौकोनी कंसात पाइपला काही विशेष अर्थ उरत नाही त्यामुळे त्याला एस्केप करत बसायला नको. फक्त जुन्या पोथ्यांच्या शीर्षकात खराखुरा दंड असू शकतो, तिथे सात खाने होतील. दुहेरी दंड ॥ हे वेगळंच अक्षर आहे, त्याची भीती नाही. मी असतो तर खाने मोजले असते, बरोबर सहा आले तर पुढे, नाहीतर ती ओळ तशीच उचलून वेगळ्या फाईलमध्ये. अंदाजाने दुरुस्त करणारा कोड लिहू नका, चुकीची नोंद गपचूप आत गेली की वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही.

वाचनवेडा:
२४०४ आलं! ताई तुम्ही ग्रेट आहात. वेगळ्या फाईलमध्ये मोजक्याच ओळी पडल्या, बहुतेक हरिपाठ आणि आरत्यांची पुस्तकं, त्या काकू नोंदवही समोर ठेवून हाताने करतो म्हणाल्या. आता दोन्ही एकत्र करून नवीन सीएसव्ही लिहायचीय, ','.जॉइन(खाने) चालेल ना?

कोडकर:
नाही!! जॉइन अवतरणचिन्हं घालत नाही, म्हणजे पहिल्या दिवशीचाच गोंधळ नवीन सॉफ्टवेअरला भेट द्याल. सीएसव्ही.रायटर वापरा, ज्या खान्यात स्वल्पविराम, अवतरणचिन्ह किंवा एंटर आहे त्यालाच तो अवतरणात टाकतो. न्यूलाइन='' इथेही द्या, नाहीतर विंडोजवर प्रत्येक नोंदीनंतर एक रिकामी ओळ दिसेल.

निवांत नाना:
आणि तयार झाल्यावर एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. (मीच सांगतोय.)