मदत हवी आहे: दाढेची तात्पुरती आणि कायमची कॅप कशी बसायला हवी?

आईच्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल झाल्यानंतर तिच्यावर ॲक्रिलिकची तात्पुरती कॅप बसवली आहे. मात्र ती हिरडीपाशी किंचित आखूड असून शेजारच्या दाढेला टेकत नसल्याने तिथे अन्न अडकते. तात्पुरती कॅप पुढे सहज निघावी म्हणून कमी ताकदीच्या सिमेंटने चिकटवतात, हे मला मान्य आहे. परंतु कडेला फट राहिली तर हिरडी सुजते आणि शेजारचे दात सरकले तर कायमची कॅप बसवणे अवघड होते, याची मला खरी काळजी वाटते.

झिर्कोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, मजबूत सिरॅमिकची) कायमची कॅप पक्की चिकटवण्यापूर्वी नुसती बसवून पाहताना, रंगीत कागद चावून उंची तपासण्याखेरीज आणखी काय पाहून घ्यावे? फ्लॉस (दातांमधून फिरवायचा बारीक दोरा) किती घट्ट जायला हवा? कडेची फट एक्स-रेमध्ये दिसते का? दंतवैद्य सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.