मदत हवी आहे : हृदयविकार असलेल्या वडिलांना टाळेबंदीत घरातल्या घरात व्यायाम कसा द्यावा?

नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून मागच्या हिवाळ्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. हृदयाची पंपिंग क्षमता ४० टक्के आहे. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीमुळे त्यांचे पर्वतीच्या पायथ्याशी रोजचे फिरणे थांबले आहे आणि संसर्ग त्यांच्यासाठी अधिक धोक्याचा असल्याने आम्ही त्यांना जिनाही उतरू देत नाही. गोळ्या वेळेवर चालू आहेत, लोणचे-पापड बंद आहेत. रोज सकाळी उपाशीपोटी वजन करून ते कॅलेंडरवर लिहितो, कारण दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास अंगात पाणी साठत असण्याची शक्यता असते व तसे लगेच कळवावे, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

खरी अडचण चालण्याची आहे. हॉल ते स्वयंपाकघर एवढ्या जागेत दर दहा-बारा पावलांवर वळावे लागते आणि त्यांचा तोल जातो. हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या मेटोप्रोलॉल या गोळीमुळे नाडी फारशी वाढत नसल्याने तिच्यावरून श्रमाचा अंदाज घेणे फसवे ठरते. म्हणून चालताना त्यांना धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता येते का, हे आम्ही पाहतो.

आपल्यापैकी कोणी घरच्या रुग्णासाठी, डॉक्टरांच्या संमतीने, खुर्चीत बसून करायचे व्यायाम बसवले आहेत का? सुरुवात किती मिनिटांनी केली? वडिलांचा आग्रह कुंभकासह प्राणायामाचा आहे; श्वास रोखून धरणे मला त्यांच्यासाठी योग्य वाटत नाही. व्हिडिओ कॉलवर मराठीतून मार्गदर्शन करणारे, हृदयरुग्णांचा अनुभव असलेले फिजिओथेरपिस्ट माहीत असल्यास कृपया कळवावे.