नाशकात चेहऱ्यासाठी आरएफ कुठे करावं? सल्ला हवाय

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. वय ४६, जबड्याखालची कातडी सैल पडायला लागलीय, नाकापासून ओठापर्यंतच्या रेषा आता फोटोत पण दिसतात. कॉलेज रोडच्या एका पार्लरमधे आरएफ (म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, रेडिओ लहरींच्या उष्णतेने त्वचा घट्ट करणं) सुचवलं, पॅकेज आज भरलं तर डिस्काउंट म्हणे, आणि पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे म्हणून मोह होतोय. खरंच फरक पडतो का? आणि नाशकात कुठे करावं?

हिरवी_मिरची
ताई, आज पैसे भरू नका. लग्नासाठी म्हणून तर नकोच, कारण आरएफमधे त्वचेच्या आतल्या थराला उष्णता देतात, त्याने जुनं कोलॅजेन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन) थोडं आकसतं आणि नवीन तयार व्हायला लागतं, पण या नवीनला २ ते ६ महिने जातात. लगेच जो ताणलेपणा दिसतो तो बराचसा सूज असते, काही दिवसांत उतरते. सैलपणा थोडा असेल तर फरक पडतो, फेसलिफ्टसारखा मात्र नाही. आपल्या सावळ्या रंगाला एक गोष्ट चांगली, काही लेसरांसारखी ही उष्णता मेलॅनिनवर (त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्यावर) अवलंबून नसते त्यामुळे डाग पडायची भीती कमी. कमी म्हणजे शून्य नाही हं, मशीन चुकीचं चालवलं तर भाजतंच.

सातपूर_सायली
माझ्या बहिणीने पिंपल्सच्या खड्ड्यांसाठी सुयांवालं म्हणजे मायक्रोनीडलिंग आरएफ केलं, शरणपूर रोडला, एमडी स्किनच्या डॉक्टरांकडे. आधी बधिर करायचं क्रीम, नंतर तीन-चार दिवस चेहरा लाल, उन्हात स्कूटीवर जायचं नाही आणि सनस्क्रीन कंपल्सरी. खड्डे बरेच भरलेत, गेले नाहीत. पण हे पार्लरचं काम नव्हे! अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२५ मधे यावरच इशारा दिलाय, भाजणं, व्रण, चरबी झडणं, नसांना इजा असे रिपोर्ट आलेत म्हणून. डिग्री बघा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी नंबर मागा, मशीन स्वतः डॉक्टर चालवणार की असिस्टंट तेही विचारा. पहिल्याच भेटीत पॅकेज गळ्यात मारणारा असेल तर सरळ उठून या.

गंगापूररोडकर
बापरे. पार्लरवाल्यांनी आईसाठी पण अर्ध्या किमतीत देते म्हणून सांगितलं होतं, आईला पेसमेकर आहे, तिथे कोणी विचारलंसुद्धा नाही.

हिरवी_मिरची
आईंना अजिबात नको! पेसमेकर असेल तर आरएफ करत नाहीत, करंटने त्याच्या कामात अडथळा येऊ शकतो. गरोदरपणात, त्या जागी धातूची प्लेट असेल, चेहऱ्यावर नागीण किंवा पू झालेले फोड असतील तरी नाही. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. भाचीचं लग्न उरकू दे, मग निवांत एखाद्या स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, आरएफची गरज आहे की नुसत्या रेटिनॉलच्या क्रीमने आणि सनस्क्रीनने भागेल ते तेच बघून सांगतील.